चाळीसगाव स्टेशन ते नदीपलीकडची वस्ती : बाबासाहेबांचा पाय मोडला तो दोन मैलांचा प्रवास

चाळीसगाव जंक्शन आपल्या भागातल्या माणसाला सांगायला नको. मुंबईची मेन लाईन इथून जाते आणि धुळ्याचा फाटा इथंच फुटतो. धुळ्याचा हा मार्ग १९०० सालापासूनचा. कोर्टाचं काम असो, दवाखाना असो की लग्नाचा बस्ता असो, आपल्या आज्या-पंज्यांपासून सगळे या स्टेशनात उतरले-चढले आहेत.

याच स्टेशनाबाहेर ऑक्टोबर १९२९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना एकाही टांगेवाल्याने आपल्या टांग्यात घेतलं नाही. टांगे होते, रस्ता होता, भाडं द्यायला माणसं तयार होती. तरी बाबासाहेबांना ताटकळावं लागलं आणि पुढच्या दोन मैलांत त्यांच्या पायाचं हाड मोडलं. हा प्रसंग आपल्याच जिल्ह्यात घडला, पण आपल्याकडच्या पुष्कळ पोरांना तो माहीत नाही. बाबासाहेबांचं चरित्र म्हटलं की महाड, नाशिक, नागपूर आणि दिल्ली ही नावं येतात. आज त्यांच्या आयुष्याकडे गाडी आणि रस्ता याच बाजूने बघू.

मसूरची बैलगाडी

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, मध्य भारतातल्या महूचा. वडील रामजी सुभेदार लष्करात होते. पेन्शन झाल्यावर घर साताऱ्याला आलं. आई भीमाबाई लवकर गेल्या. पोरांचा सांभाळ आत्याकडे आला.

१९०१ च्या सुमाराची गोष्ट. सातारा जिल्ह्यातल्या गोरेगावला दुष्काळी तलावाचं काम चालू होतं आणि रामजी तिथं खजिनदाराच्या नोकरीवर होते. सुट्टीत पोरांना तिकडे बोलावलं होतं. भीमराव, त्यांचे मोठे भाऊ आणि बहिणीकडची पोरं नवे कपडे, नवे जोडे, डोक्याला जरीच्या टोप्या घालून निघाली. पाडळी स्टेशनवर रेल्वेत बसली आणि संध्याकाळी मसूरला उतरली. रेल्वेत त्यांना कसलाही त्रास झाला नाही. तिकीट काढलं, जागा मिळाली, मजेत आली.

त्रास सुरू झाला तो स्टेशनवर. पोरं येणार असल्याचं पत्र वडिलांना मिळालंच नव्हतं, म्हणून न्यायला कोणी आलं नाही. चांगल्या कपड्यातली पोरं बघून स्टेशन मास्तरने आपुलकीने चौकशी केली. जात कळली तसा त्याचा चेहरा बदलला. बाहेर भाड्याच्या बैलगाड्या उभ्या होत्या, पण एकही गाडीवान यायला तयार होईना. दुप्पट भाडं देऊ म्हटलं तरी नाही. शेवटी मास्तरानेच तोड काढली. पोरांनी स्वतः गाडी हाकायची, गाडीवान बाजूने पायी चालेल आणि भाडं मात्र दुप्पट घेईल.

नऊ-दहा वर्षांच्या पोरांच्या हातात बैलांचे कासरे आले. वाट लांब होती, अंधार पडला. मध्यरात्री टोलनाक्यावर मुक्काम झाला. सोबत जेवण होतं, पण पाणी कोणी देईना. पाण्यावाचून घास उतरत नाही, म्हणून पोरं उपाशीच झोपली. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला गोरेगावला पोहोचली.

ज्यांनी बैलगाडी हाकली आहे त्यांना यातला धोका कळेल. अनोळखी बैल, अनोळखी वाट, रात्र आणि हाकणारा चौथी-पाचवीतला पोरगा. मालक बाजूला चालतोय, कारण शेजारी बसलं तर त्याला विटाळ होतो. त्या रात्री काही विपरीत घडलं नाही, एवढंच नशीब.

शिक्षण झालं, वाट तीच राहिली

पुढे भीमराव शिकत गेले. मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूल, १९०७ ला मॅट्रिक, १९१२ ला बी.ए. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९१३ ला ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तिथून लंडनला गेले. आगबोटीत, न्यूयॉर्कच्या आगगाडीत, लंडनच्या रस्त्यावर त्यांना कोणी जात विचारली नाही.

शिष्यवृत्तीच्या करारामुळे १९१७ ला ते बडोद्याला नोकरीला आले. तिथं त्यांना राहायला खोली मिळेना. एका पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहिले, तर अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेली माणसं दारात आली. नोकरी सोडून मुंबई गाठावी लागली. परत लंडनला जाऊन डी.एस्सी. आणि बॅरिस्टरी पूर्ण करून ते आले.

१९२३ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांनी एक ठराव मंजूर करून घेतला. सरकारी पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कोर्ट, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत असा तो ठराव. कागदावर झाला, गावात उतरला नाही. तो उतरावा म्हणून बाबासाहेब २० मार्च १९२७ रोजी हजारो लोकांसह महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. जे सगळ्यांच्या पैशातून चालतं ते सगळ्यांना मिळालं पाहिजे, हा साधा हिशोब त्यामागे होता. तळ्याला लागू होणारा हिशोब रस्त्याला, स्टेशनला आणि गाडीलाही लागू होतो.

खान्देशचा दौरा

अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या तक्रारी तपासायला मुंबई सरकारने एक समिती नेमली होती. अध्यक्षांच्या नावावरून तिला स्टार्ट समिती म्हणत. बाबासाहेब तिचे सभासद होते. समितीने इलाखा वाटून घेतला तेव्हा खान्देशचे दोन्ही जिल्हे, म्हणजे आजचा जळगाव आणि धुळे-नंदुरबार हा पट्टा, त्यांच्या आणि आणखी एका सभासदाच्या वाट्याला आला.

काम आटोपून बाबासाहेब मुंबईला निघाले होते. पण धुळे लाईनवरच्या एका गावात सवर्णांनी अस्पृश्यांवर बहिष्कार टाकला होता. त्याची चौकशी करायला ते चाळीसगावला उतरले. स्टेशनवर आपली माणसं भेटायला आली आणि एक रात्र आमच्याकडे मुक्काम करा असा आग्रह धरला. बाबासाहेबांना लगेच मुंबईला जायचं होतं, पण लोकांचं मन मोडवेना. हो म्हणाले. धुळ्याच्या गाडीने त्या गावी गेले, चौकशी केली आणि परतीच्या गाडीने चाळीसगावला आले.

लोक हार घेऊन उभे होते. वस्ती स्टेशनपासून साधारण दोन मैलांवर, नदीच्या पलीकडे. तेव्हा तिला महारवाडा म्हणायचे. वस्त्यांची अशी जातीवरची नावं बदलायचा निर्णय आपल्या राज्य सरकारने २०२० मध्ये घेतला. स्टेशनाबाहेर टांगे रांगेने उभे होते. बाबासाहेबांना वाटलं लगेच निघू. पण कोणी हालेना. का थांबवलंय तेही कोणी सांगेना. तासाभराने एक टांगा आला. बाबासाहेब बसले. टांग्यात ते आणि हाकणारा असे दोघंच. बाकीची मंडळी आडवाटेने पायी पुढे गेली.

दोनशे पावलं गेली नसतील तोच समोरून मोटार आली आणि टक्कर होता होता वाचली. पोलीस शिपाई मोठ्याने ओरडला म्हणून मोटारवाल्याने गाडी मागे घेतली. रोज भाडं मारणारा माणूस इतका कच्चा कसा, याचं बाबासाहेबांना नवल वाटलं.

पुढे नदीवरची फरशी आली. धड कठडा नव्हता, पाच-दहा फुटांवर एकेक दगड रोवलेला. रस्त्यावरून फरशीवर जायला काटकोनात वळण. वळणाशी घोडा बिथरला आणि उधळला. चाक कडेच्या दगडावर इतक्या जोरात आदळलं की बाबासाहेब उचलून फरशीच्या दगडांवर फेकले गेले. घोडा आणि टांगा खाली नदीत गेला. बाबासाहेब बेशुद्ध पडले. आधी पोहोचलेली माणसं धावत आली. बायका-पोरांच्या रडारडीत त्यांना उचलून वस्तीत नेलं. अंगाला बराच मार बसला होता, पायाचं हाड मोडलं होतं. कित्येक दिवस त्यांना हिंडता-फिरता आलं नाही.

तो तासभर उशीर कशामुळे झाला, ते त्यांना नंतर कळलं. स्टेशनवरच्या टांगेवाल्यांनी अस्पृश्याला घेऊन जायला नकार दिला होता. आणि आपल्या साहेबाने वस्तीपर्यंत पायी चालत यावं, हे तिथल्या लोकांना सहन होत नव्हतं. शेवटी एका टांगेवाल्याशी तोड निघाली. टांगा भाड्याने नेता येईल, पण हाकायला तो येणार नाही. टांगा हाकणं हा वस्तीतल्या कोणाचाच धंदा नव्हता. त्यात काय अवघड, असं म्हणून त्यांच्यातल्याच एकाने लगाम हातात घेतला. पण एवढा मोठा माणूस मागे बसल्यावर तो घाबरून गेला.

मसूरला जी तोड निघाली होती, तीच अठ्ठावीस वर्षांनी चाळीसगावला निघाली. गाडी मिळेल, गाडीवान मिळणार नाही. तेव्हा टांग्यात बसलेला माणूस साधा नव्हता. परदेशातल्या मोठ्या पदव्या, बॅरिस्टरी, मुंबई कायदे कौन्सिलाचं सभासदत्व आणि हातात सरकारी समितीचं काम. पोटासाठी घोडा हाकणारा गरीब माणूसही स्वतःला त्यांच्यापेक्षा वरचा समजत होता, ही गोष्ट त्यांनी आपल्या आठवणींत नोंदवून ठेवली आहे. मानापेक्षा प्रवाशाचा जीव मोठा हे आपली माणसं विसरली, असंही त्यांनी लिहिलंय. पण त्यात त्या लोकांबद्दल कडवटपणा नाही.

नुकसान कोणाचं झालं

या प्रसंगातली एक गोष्ट आपण शेतकरी माणसांनी नीट समजून घेण्यासारखी आहे. टांगेवाल्यांनी बाबासाहेबांना दगड मारला नाही, की शिवी दिली नाही. फक्त सेवा नाकारली. सेवा नाकारली म्हणून लोकांना पर्याय काढावा लागला. तो पर्याय कच्चा होता आणि त्या कच्च्या पर्यायाने हाड मोडलं. चांगली गाडी आणि जाणता चालक एकासाठी आणि जे मिळेल ते दुसऱ्यासाठी, अशी वाटणी झाली की अपघातही त्याच वाटणीने होतात.

दुसरी गोष्ट. धुळे लाईनवरच्या त्या गावाहून चाळीसगावला रेल्वेने ते व्यवस्थित आले. तिथं तिकीट बघायचे. अडलं ते शेवटच्या दोन मैलांत. मसूरलाही रेल्वे बरोबर होती, अडलं ते स्टेशनाबाहेर. मोठी सोय मोठ्या रस्त्यावर असते, खरी परीक्षा फाट्यापासून वस्तीपर्यंत होते.

हे फक्त आपल्या देशातच होत होतं असंही नाही. गांधीजींकडे पहिल्या वर्गाचं तिकीट असताना १८९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत पीटरमारित्झबर्ग स्टेशनवर त्यांना रंगामुळे गाडीतून उतरवलं होतं. अमेरिकेत मॉन्टगोमेरी शहरात सिटी बसमध्ये काळ्या लोकांनी मागे बसायचं आणि गोरा आला तर उठायचं, असा नियम होता. १ डिसेंबर १९५५ ला रोझा पार्क्स या बाई उठल्या नाहीत. त्यानंतर तिथल्या काळ्या लोकांनी वर्षभराहून जास्त काळ बसवर बहिष्कार टाकला. पायी गेले, एकमेकांच्या गाड्यांतून गेले, पण बसमध्ये चढले नाहीत. डिसेंबर १९५६ मध्ये तो नियम गेला. त्याच महिन्यात आपल्याकडे बाबासाहेबांचं निधन झालं.

मनमाडची रेल्वे कामगार परिषद

गाडीत कोण बसतो एवढ्यावर बाबासाहेब थांबले नाहीत. गाडी चालवायच्या नोकऱ्या कोणाला मिळतात, हेही त्यांनी विचारलं. फेब्रुवारी १९३८ मध्ये आपल्या शेजारच्या मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतल्या दलित कामगारांची परिषद झाली. अध्यक्ष बाबासाहेब होते.

तिथं त्यांनी मांडलं की रेल्वेत दलित माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. वर चढायला त्याला वाट नाही. पोर्टरचं काम तरी द्यावं, तर तेही देत नाहीत. कारण स्टेशन मास्तर पोर्टरकडून घरची कामं करून घेतो आणि दलिताला तो घरात घेत नाही. रुळ ठोकायला चालतो, पण स्टेशनात चालत नाही, असा तो प्रकार. भुसावळ, मनमाडकडे ज्यांच्या घरात रेल्वेची नोकरी पिढ्यांपासून आहे, त्यांना या बोलण्याचं वजन कळेल.

त्याच्या आदल्या वर्षी, १९३७ च्या जुलैअखेर, बाबासाहेब एका कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले होते. तेव्हा लळिंगच्या लांडोर बंगल्यावर त्यांचा मुक्काम होता. त्याची आठवण म्हणून दरवर्षी ३१ जुलैला तिथं भीमस्मृती यात्रा भरते. चाळीसगावच्या त्या प्रसंगानंतरही त्यांनी खान्देशात यायचं सोडलं नाही.

कागदावर आलेला हक्क

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. बाबासाहेब घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले आणि २६ जानेवारी १९५० ला घटना लागू झाली. १७ व्या कलमाने अस्पृश्यता संपवली. १५ व्या कलमात दुकानं, हॉटेलं, विहिरी, तळी यांच्याबरोबर रस्त्यांचंही नाव आहे. धर्म, जात, लिंग, जन्मस्थान यावरून तिथं कोणाला अडवता येणार नाही. १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा आला, त्यात सार्वजनिक वाहनाचा उल्लेख सरळ आहे. अस्पृश्यतेवरून कोणाला वाहनात बसू दिलं नाही तर तो गुन्हा. पुढे १९७६ मध्ये याच कायद्याचं नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झालं.

याच काळात, १ जून १९४८ ला, पुणे ते अहमदनगर अशी एसटीची पहिली गाडी धावली. पुढे लाल गाडी गावोगाव पोहोचली. तिकीट काढलं की कोणाच्याही शेजारी बसता येऊ लागलं. एका बाकावर पाटील, भिल्ल, महार, तेली, मुसलमान मांडीला मांडी लावून तालुक्याला जाऊ लागले. गावात जे होत नव्हतं ते गाडीत झालं. गाडी सरकारची आणि वाहक सगळ्यांकडून सारखेच पैसे घेणारा, म्हणून हे घडलं. एसटीचा हा उपकार आपल्या समाजावर आहे आणि तो मोजायला कुठलं यंत्र नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी लाखो लोकांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत त्यांचं निधन झालं. देह विमानाने मुंबईला आणला आणि दुसऱ्या दिवशी दादरला अंत्यसंस्कार झाले. आजही डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नागपूरहून दादरकडे जादा गाड्या सुटतात आणि भुसावळ, जळगाव, चाळीसगाव असं करत पुढे जातात. लोक आयाबहिणी, लेकरं, भाकरी बांधून जातात.

आजचे दोन मैल

आज चाळीसगावच्या स्टँडवर रिक्षावाल्याने जात विचारून भाडं नाकारलं, तर त्याच्यावर गुन्हा दाखल करता येतो. ही बाबासाहेबांची कमाई. पण फाट्यापासून वस्तीपर्यंतचे ते दोन मैल अजून सगळ्यांचे सुटलेले नाहीत.

१७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. ७५ वर्षांवरच्यांना प्रवास फुकट आहे. शाळेच्या मुलींना मोफत पास आहे. चांगल्या गोष्टी आहेत. पण सवलत मिळते ती गाडीत बसल्यावर. ज्या गावाला फेरीच नाही, तिथल्या बाईला अर्ध्या तिकिटाचा काय उपयोग? ती काळी-पिवळीत पूर्ण भाडं देते, तेही दाटीवाटीने. सातपुड्यातल्या काही पाड्यांवरून आजही आजारी माणूस झोळीत घालून खाली आणावा लागतो. शाळेच्या वेळेला गाडी नसली की मुलगा सायकल नाहीतर मोटारसायकल काढतो आणि मुलीची शाळा बंद होते.

इथं कोणी जात विचारून नाकारत नाही. उत्पन्न कमी, रस्ता खराब, गाड्या कमी, अशी कारणं असतात आणि ती खोटी असतात असंही नाही. पण परिणाम ओळखीचा आहे. ज्याला सेवा मिळत नाही तो कच्चा पर्याय काढतो. आठ माणसांच्या गाडीत पंधरा बसतात, टपावर पोरं बसतात, मागच्या फळीवर उभं राहून जातात. आणि अपघात झाला की आपण म्हणतो, चालकाला अक्कल नव्हती. चाळीसगावलाही लगाम धरणाऱ्या त्या बिचाऱ्याला दोष देऊन मोकळं होता आलं असतं. बाबासाहेबांनी तसं केलं नाही. टांगेवाला का आला नाही, हे त्यांनी लिहून ठेवलं.

आपणही तोच प्रश्न धरून चालावं. आपल्या गावाला कोणती फेरी येते, कोणती बंद झाली, शाळेला किती पोरी जातात, बाजाराच्या आणि दवाखान्याच्या दिवशी किती माणसं निघतात, हे एका कागदावर मांडा. ग्रामसभेत ठराव घ्या. वस्ती, तांडा, पाडा यांची नावं त्या ठरावात वेगळी लिहा, नाहीतर गाडी गावठाणात येऊन वळते आणि शेवटची वस्ती तशीच राहते. मुख्याध्यापकांचं पत्र जोडा, आगार व्यवस्थापकांना द्या आणि पोच घ्या. महिन्याने परत जा.

आणि यंदा १४ एप्रिलला गावात भाषणं होतील तेव्हा महाड आणि नागपूरबरोबर चाळीसगावचंही नाव घ्या. आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट आहे, पोरांना कळू द्या.